डोन गोयोच्या नावावर खपवलेले मरण

मी, पेत्रोनिला शिकाले, फिदेन्सियो कुआउत्ले यांची विधवा, वय सत्त्याहत्तर, धंदा पाथरवट, राहणार सान लुकास तेपेत्लाको, डोंगराकडची आळी, पूर्ण शुद्धीत आणि रागात हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते.

"रागात" हा शब्द काढावा असे नोटरीसाहेबांचे म्हणणे पडले. असे मृत्युपत्र उद्या कोणीही कोर्टात उलटवील, असे ते म्हणाले.

मी विचारले, "साहेब, राग आला म्हणजे अक्कल जाते का?"

"तसं नाही बाई, पण कायद्याला शंका येते."

मग कायद्यासाठी लिहा की हा राग ताजा नाही, मुरलेला आहे. तो घेऊन मी रोज दगड घडवते, बाजार करते, रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकते, आणि हातोडा बोटावर बसत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणाऱ्याचे नाव पुढे येईलच.

आपल्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून लोक मृत्युपत्र करतात. माझ्यामागे भांडण खुशाल व्हावे. फक्त ते खऱ्या गोष्टीवरून व्हावे.

कलम पहिले : घर

दोन खोल्या, स्वयंपाकाची पडवी, अंगणातले अक्रोडाचे झाड आणि पाण्याची टाकी, हे सर्व माझा एकुलता मुलगा सेलेरिनो याला. छपराचे पत्रे तीनदा बदललेले आहेत. राख वेळेवर झाडली नाही तर पत्रा वाकतो, हे तो तिकडे राहून विसरला असेल म्हणून लिहून ठेवते.

सेलेरिनो उत्तरेला, सीमेपलीकडे, सफरचंदांच्या बागांत कामाला आहे. गेल्या वर्षी त्याने फोनवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या टोपीचा, खांदे उतरलेला डोंगर.

"आई, ओळख बघू कोण?"

"आपला म्हातारा, डोन गोयो. पण याच्या तोंडातून धूर कसा नाही?"

"आपला नव्हे गं, इथला आहे. झोपलाय. मागे याच्या शेजारचा एक फुटला होता, अख्खी कूस उडाली त्याची. असले डोंगर जगभर आहेत आई. जपानात, इटलीत, खाली इक्वादोरला. राख, दगड, राख, दगड, थरावर थर चढवत वाढतात. सगळे एका मुशीतले."

"असतील. आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी एकेक अबुंडिओकाकाही असेल."

तो हसला नाही. "काकांवरचा राग सोड आता," म्हणाला. काकांनी त्याला तिकडे फोन करून करून मऊ केले आहे. म्हणून अट घालते : घर घ्यायला सेलेरिनोने स्वतः यावे, एक हिवाळा त्यात राहावे आणि मगच विकायचे तर विकावे. काकाला मुखत्यारपत्र देऊन परभारे उरकले, तर घर चर्चच्या घंटेच्या दुरुस्तीला जाईल.

कलम दुसरे : कोंबड्या, टर्की वगैरे

कोंबड्या ज्याला लागतील त्याने न्याव्यात. मोठा टर्की मात्र शेजारीण त्रिनिदादला द्यावा. तो अंगणात कोणी आले की ओरडतो, आणि एकदा ओरडला की ओरडलोच नाही असे म्हणत नाही. तिच्या घरात असा कोणीतरी असावा. कारण पुढच्या कलमात कळेल.

कलम तिसरे : माझा नवरा कसा मेला

मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, हकीकत नव्हे, असे नोटरीसाहेब म्हणतात. ही हकीकत माझीच मालमत्ता आहे. ती माझ्याकडून चोरली होती, आता परत मिळाली आहे, म्हणून लिहावी.

फिदेन्सियो पाटे आणि तीन पायांचे खल घडवायचा. घळीच्या काठावर आमची खाण आहे, जुन्या लाव्ह्याची. तिथला काळा दगड मिरची वाटताना खडा सोडत नाही. तीस वर्षे दगडाची भुकटी ओढून त्याची छाती खरवडलेली होती. चढावर तो शिट्टीसारखा वाजायचा.

दोन हजार सालच्या डिसेंबरात डोंगर पेटला तेव्हा सैनिक आले. बायका, मुले, म्हातारे आधी, असा हुकूम झाला. मी सेलेरिनोला घेऊन बसमध्ये चढले. फिदेन्सियो म्हणाला, "तू हो पुढं. मी खेचर सोडतो, घराला कुलूप घालतो. दुपारी अबुंडिओ ट्रक घेऊन येतोय, त्याच्याबरोबर येतो." अबुंडिओ त्याचा धाकटा भाऊ. तेव्हा आळीत ट्रक एकट्या त्याचाच होता. मी त्याला भावजी म्हणायची. आता म्हणत नाही.

चोलुलाच्या एका शाळेत आमची सोय केली होती. वर्गात चटया, फळ्याखाली माणसे. अबुंडिओ आला तो एकटाच. टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला.

"दादा येत नाही म्हणाला, वहिनी."

"येत नाही म्हणजे?"

"हट्टाला पेटला. म्हणतो, डोन गोयो मला ओळखतो, मला काही करायचा नाही. मी पाय धरले हो त्याचे!"

फिदेन्सियो हट्टी होताच, म्हणून मला ते खरे वाटले. खोटे बोलणाऱ्याला अर्धे काम नेहमी आपलीच माणसे करून देतात.

लाव्हा गावापर्यंत आलाच नाही. राख आली. आम्हाला परत सोडले त्याच्या आधीच सैनिकांना फिदेन्सियो सापडला होता. गावाबाहेर जिथे दोन रस्ते फुटतात, तिथल्या छोट्या देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला. घरातली चांगली टोपी डोक्यावर, कोरा सदरा अंगात. शेजारी गाठोड्यात टाक्या आणि छिन्न्या. खिशात घराची किल्ली. राखेने श्वास कोंडला, असे डॉक्टर म्हणाला.

मी तेव्हाच विचारले होते, "ज्याला जायचंच नाही तो घराला कुलूप घालून, कोरा सदरा घालून फाट्यावर कशाला बसेल?"

अबुंडिओ म्हणाला, "मागाहून मन बदललं असेल बिचाऱ्याचं." आणि बायका मला पंख्याने वारा घालत म्हणाल्या, "दुःखात बाई काहीही विचारते."

पुढे गावाने फाट्यावर सिमेंटचा क्रूस उभारला. त्यावर लिहिले, "फिदेन्सियो कुआउत्ले. डोन गोयोने नेले." तो क्रूस अबुंडिओने स्वखुशीने करवला. दर वर्षी बारा मार्चला आम्ही डोंगराचा वाढदिवस करतो. त्याला सूट, बूट, टोपी, मोलेचे कालवण, फळे, पुल्केच्या दारूचा घडा घेऊन गाव वर जाते. सूट उचलण्याचा मान अबुंडिओने मिळवला. वर पोचल्यावर तो दर वेळी रडतो. "माझा सख्खा भाऊ नेलास तू, तरी मी तुला कपडे करतो," असे मोठ्याने म्हणतो. बायका शालीचे टोक डोळ्यांना लावतात. या रडण्यावर तो दोनदा गावप्रमुख झाला.

मीही डोंगरावर रागावले होते. त्याहून जास्त नवऱ्यावर. इतका कसला हट्ट, की बायकोपोरापेक्षा एका धुरकट डोंगराचा भरवसा वाटावा! मृतांच्या सणाला त्याच्या फोटोसमोर झेंडूची फुले ठेवताना मी त्याच्याशी भांडत असे. अबुंडिओने माझा नवरा नेला, आणि वर मला त्याच्याविषयी सरळ रडूही दिले नाही. याला कोणत्या कायद्यात काय शिक्षा आहे ते नोटरीसाहेबांनी मला सांगितलेले नाही.

खरी गोष्ट पिठाच्या गिरणीवर बाहेर पडली. पाच-सहा वर्षांपूर्वी अबुंडिओने त्रिनिदादच्या वाटचे पाणी आपल्या शेतात वळवले. ती रागाने फणफणत मक्याची बादली घेऊन रांगेत आली.

"अगं, हा कुणाचा झालाय? सख्ख्या भावाचा नाही झाला!"

"काय म्हणालीस?"

"आता काय लपवायचं! मी गेलेच नव्हते त्या दिवशी, फाट्याजवळच्या आमच्या गोठ्याच्या माळ्यावर लपले होते. फाट्यावर फिदेन्सियो गाठोडं घेऊन उभा. याचा ट्रक आला. फिदेन्सियोनं हात केला. हा काचेतून तोंड काढून म्हणाला, 'दादा, टेक जरा, एक फेरी टाकून आलोच.' तो टेकला. हा गेला तो गेला!"

गिरणी चालू होती. आमच्या दोघींशिवाय कोणाला काही ऐकू आले नाही. पुढच्या आठवड्यात अबुंडिओने त्रिनिदादचे पाणी सोडले, आणि मी पुन्हा विचारायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मी? मी कधी असं म्हटलं, बाई? तुझ्या कानात राख गेलीय."

म्हणून तिला टर्की.

कलम चौथे : डोन गोयोविषयी

डोंगराबद्दल माझी तक्रार आहे. तो माझी वाळत घातलेली धुणी काळी करतो, खिडक्या हलवतो, मक्याच्या तुऱ्यावर राख टाकतो. पण तो आधी गुरगुरतो, मग धुमसतो, मग फेकतो. "टेक जरा, आलोच" असे तो कोणाला म्हणत नाही. आमच्या खाणीच्या भिंतीत त्याचे थर उघडे दिसतात : राखेचा, दगडाचा, पुन्हा राखेचा. एका थराखाली आम्हाला कोणाची तरी चूल सापडली होती, तीन दगड आणि फुटके मडके. आमच्याही आधी इथून लोक पळाले आहेत. पळताना त्यांनी कोणाला मागे ठेवले आणि नंतर डोंगराचे नाव पुढे केले का, ते थरात दिसत नाही.

जे डोंगराने केले ते डोंगराच्या नावावर लावा. जे अबुंडिओने केले ते अबुंडिओच्या नावावर. माझे मागणे एवढेच आहे, आणि यात देवाचा अपमान होतो असे ज्याला वाटते त्याने खुशाल वर जाऊन डोंगरालाच विचारावे.

कलम पाचवे : क्रूस

नवा क्रूस मी स्वतः घडवला आहे. आमच्याच खाणीतला, घण परतवून लावणारा दगड आहे. अक्षरे खोल आहेत, राखेने बुजणार नाहीत : "फिदेन्सियो कुआउत्ले. ट्रकची वाट पाहत बसला होता." माझ्या दफनाच्या दिवशीच, शव घेऊन फाट्यावरून जाताना, सिमेंटचा क्रूस काढून हा बसवावा. गावसभेची परवानगी मागू नये. सिमेंटच्या क्रूसाची मागितली नव्हती.

कलम सहावे : हत्यारे आणि खाण (हे कलम खोडले आहे, पण खोडलेले वाचता यावे अशी माझी सूचना आहे)

फिदेन्सियो गेल्यावर मी त्याच्या टाक्या उचलल्या तेव्हा आळीतले पाथरवट म्हणाले, "बाईने मारलेला दगड चिरतो." माझे पहिले सगळे चिरले. ते बाजूला मांडून हसायचे. मी त्या चिरलेल्या पाट्यांची न्हाणी बांधली आणि त्यांच्यासमोर पुढचा दगड घेतला. पुढे माझे खल पुएब्लाच्या बाजारात जायला लागले, तेव्हा तेच म्हणाले, "फिदेन्सियोचा हात आलाय हिच्यात." मेलेल्या पुरुषाचा हात चालतो, जित्या बाईचा चालत नाही!

माझ्यानंतर हे काम चांगले येते ते निकानोराला. निकानोरा अबुंडिओची मुलगी. बापाने घराबाहेर काढण्याची धमकी दिली तरी ती आली. आता चाळिशीची आहे, तिचे खल माझ्यापेक्षा गोल असतात, आणि माझे मत न विचारता ती पायांची जाडी ठरवते. सर्व हत्यारे आणि घळीकाठची खाण तिला द्यावी, असे मी लिहवले होते.

कलम सहावे का खोडले

यंदाचा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, अबुंडिओ माझ्या अंगणात आला. हातात डोंगराला वाहून उरलेली फळे. निकानोरा पडवीत पाटा टाचत होती.

"प्रसाद आणलाय, वहिनी."

"ठेव तिथं."

"वय झालं तुमचं. खाण सेलेरिनोच्या नावावर करून टाका. रेतीवाला दगड भरडायचं यंत्र घेऊन यायला तयार आहे. व्यवहार मी बघतो, तुम्हाला हात लावायला नको."

"तू बघतोस म्हणजे झालंच."

"टोमणे मारू नका. घरचा माणूस आहे मी."

मी त्याला पोत्यावर पालथा ठेवलेला क्रूस उलटायला सांगितला. त्याला वाटले मी जड काम सांगते आहे. त्याने उलटला. वाचला.

"हे तुम्ही लावणार नाही."

"मी कुठं लावते? मी तेव्हा पेटीत असेन."

"लोक काय म्हणतील?"

"लोक वाचतील. बोलायची सवय नाही त्यांना."

तो खाली बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. मला वाटले ओरडेल. पण तो हळूच म्हणाला, "ट्रक भरला होता, वहिनी."

एवढी वर्षे त्याने हे वाक्य कुठे ठेवले होते, कोण जाणे.

"कशानं भरला होता?"

त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली.

"कशानं, अबुंडिओ?"

"डुकरांनी."

"कुणाच्या?"

"चोलुलातल्या एका व्यापाऱ्याच्या. आधीच शब्द दिला होता."

"भावालाही दिला होतास. आणि दुसरी फेरी?"

"सैनिकांनी रस्ता बंद केला."

"कधी बंद केला?"

पडवीतला हातोडा थांबला होता. अबुंडिओने एकदा लेकीकडे पाहिले. मग म्हणाला, "दुसऱ्या दिवशी."

उठला, आणि निकानोराला म्हणाला, "चल घरी."

ती म्हणाली, "पाटा अर्धा आहे, बाबा."

तो गेला. मी टोपली उचलून फळे कोंबड्यांना घातली.  मला वाटत होते, खरे ऐकले म्हणजे छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नाही. नवरा चांगला होता, शब्दाचा होता, भावाने "टेक" म्हटले म्हणून छाती वाजत असताना राखेत टेकून बसला होता, हे कळल्यावर राग कमी कसा होईल?

आज मी हे सगळे नोटरीसाहेबांना सांगितले आणि डुकरांपर्यंत सगळे कागदावर घ्या म्हटले. ते लेखणी खाली ठेवून म्हणाले, "बाई, हा एका इसमावर आरोप होतो. तुमचा एकटीचा शब्द. तो उद्या म्हणेल, मी असं बोललोच नाही. ऐकणारं दुसरं कुणी होतं?"

 निकानोराने मला धरून इथवर आणले होते, ती दाराशी स्टुलावर बसली होती. तिचे नाव मी घेणार नव्हते. बाप तो बाप.

ती उठली. "मी होते. मी ऐकलं."

साहेबांनी कागद चाळला. "तुम्ही निकानोरा कुआउत्ले? तुमचं नाव सहाव्या कलमात आहे. हत्यारं, खाण. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दोन्हीपैकी एकच."

"मग सहावं खोडा."

मी तिच्यावर ओरडले. लिहा, ओरडले. "मूर्ख आहेस का? ती खाण गेली तर तू काय फोडशील? बापाच्या एका शब्दासाठी पोटापाण्याचं साधन घालवतेस?"

"काकू, तो शब्द तुम्हाला एकटीला सांगितला नव्हता बाबांनी. माझ्याकडं बघून सांगितला. उद्या मी त्रिनिदादमावशीसारखी म्हणू, माझ्या कानात राख गेली?"

"मला साक्ष नको. मला खाण चालवणारं माणूस हवंय."

"ते तुमचं झालं. मला बाबांच्या घरात परत जायचंय, आणि मान वर करून जायचंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले.  मी चिडले होते, आणि कोणावर ते कळत नव्हते. मग म्हणाले, खोडा.

कलम सातवे : सहाव्याच्या जागी

खाण सान लुकासमधल्या हाताने दगड घडवणाऱ्या सर्वांच्या सामाईक मालकीची राहील, बाया धरून. "बाया धरून" हे शब्द वेगळ्या ओळीत लिहावेत. यंत्र उतरले त्या दिवशी हक्क संपेल आणि जमीन सरकारजमा होईल. सरकार काही चांगले करील म्हणून नव्हे, तर रेतीवाल्याला मिळू नये म्हणून. हा हक्क सगळ्यांचा, निकानोराच्या एकटीच्या नावचा नाही, म्हणून तिच्या साक्षीच्या आड येत नाही, असे साहेब म्हणाले. तिला इतरांसारखी पाळी लावून दगड काढावा लागेल. ज्यांनी आम्हाला हसून घेतले त्यांच्याच मागे ती रांगेत उभी राहील, याचा मला संताप आहे आणि तो मी इथे नोंदवते.

हत्यारांचे काही लिहू नये. माझी पिशवी मी बरोबर आणली होती. मी ती आत्ताच, जिवंतपणी, साहेबांच्या टेबलावरून निकानोराच्या हातात दिली. हातात दिलेल्या वस्तूला कायदा लागत नाही. तिने पिशवी उघडून टाक्या मोजल्या नाहीत, धार मात्र पाहिली.

कलम शेवटचे

अबुंडिओ कुआउत्ले याला मी काही ठेवत नाही. माफीही नाही. या मृत्युपत्रात कोणी ती शोधून काढू नये, किंवा माझ्यामागे "शेवटी तिचं मन निवळलं होतं" असे पाद्र्याकरवी सांगवू नये. दफनाला यायचे तर त्याने यावे. शव खांद्यावर घेऊ नये. फाट्यापर्यंत इतरांसारखे चालावे, आणि नवा क्रूस बसेपर्यंत उभे राहावे. बसू नये.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. एका ठिकाणी साहेबांनी "वराह" असे लिहिले होते, ते मी "डुकरे" करून घेतले. आता सही करते. दगडावर कोरायची सवय असल्याने कागद जरा फाटेल.

ठिकाण : चोलुला, पुएब्ला
तारीख : १९ मार्च २०२४

सही : पेत्रोनिला शिकाले

साक्षीदार :
१. प्राक्सेदिस त्लापा, शिक्षिका, सान लुकास तेपेत्लाको
२. तेओफिलो रोसेते, घंटा वाजवणारा, सान लुकास तेपेत्लाको
३. निकानोरा कुआउत्ले, पाथरवट. अबुंडिओ कुआउत्ले यांची मुलगी. वरील शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.